कॅडमियम इलेक्ट्रॉनांची देवघेव करत नाही, मग पाण्यातल्या गोगलगायीत ऑक्सिडेटिव्ह ताण कसा येतो?

शंका अगदी रास्त आहे. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे ऑक्सिजनपासून बनलेले विध्वंसक रेणू पेशीच्या बचावाला भारी पडणं. तांबं आणि लोह यांचं कोडं सोपं आहे. पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला ते इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक हा असाच एक विध्वंसक रेणू तयार होतो. हीच फेंटन अभिक्रिया. कॅडमियम, शिसं, पारा यांना ते जमत नाही. ते पेशीच्या घरातले रखवालदारच पळवतात.

त्यातला पहिला रखवालदार ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीतला एक छोटा बचावाचा रेणू. त्याची ताकद त्याच्या गंधकात असते आणि या धातूंना गंधकाची जबरदस्त ओढ. कॅडमियम तिथे चिकटलं, की पेरॉक्साइड निपटायला ग्लुटाथायोन कमी पडतं. शिवाय कॅडमियम प्रथिनांमध्ये बांधलेल्या तांब्या-लोहाला हुसकावतं आणि ते मोकळे झालेले धातू फेंटनचं काम सुरू करतात. तिकडे पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात, इलेक्ट्रॉन गळू लागतात, त्यातून सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं आणखी एक घातक रूप वाढतं.

मी तळ्यातल्या गोगलगायींवर काम केलंय. शंख अलगद फोडला की टोकाच्या वेढ्यांत तपकिरी, मऊ पाचकग्रंथी दिसते. धातू सर्वांत जास्त साठणाऱ्या अवयवांपैकी ही एक. ती वाटून थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर गरम केली की गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरवर मोजतात. हा रंग मुख्यतः मॅलोनडायअल्डिहाइडचा, म्हणजे पेशीपटलातल्या मेदाची नासाडी झाल्याची खूण. स्वच्छ पाण्यातल्या गोगलगायीची नळी फिकी आणि धातूच्या पाण्यातलीची गडद, अशा दोन्ही शेजारी ठेवल्या की मला अजूनही वाईट वाटतं.

आता जिथे बहुतेकांची गफलत होते ते सांगते. धातू थोडा असेल तर पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज आणि सुपरऑक्साइड मोडणारं एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) ही एन्झाइमं बरेचदा वाढतात, कारण पेशी कंबर कसते. मात्रा वाढली किंवा दिवस लांबले की तीच एन्झाइमं घसरतात. म्हणून नुसतं ‘कॅटलेज नियंत्रण गटाइतकंच’ दिसलं, तर प्राणी ठणठणीत आहे असं मुळीच समजू नका. तो चढतीवर आहे की उतरणीवर, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

मेटॅलोथायोनिन हे गंधकाने भरलेलं प्रथिन धातू बांधून ठेवतं, पण ते बनवायला ऊर्जा लागते आणि ती वाढीतून, अंड्यांतून कापली जाते. शिशाची तर आणखी एक खोड आहे. ते शंखाला लागणारं कॅल्शियम पुरेसं आत येऊ देत नाही, म्हणून लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातल्या गोगलगायीची वाढ शिशाच्या अगदी कमी मात्रेतही खुंटते.

प्रयोग करणार असाल तर एकाच ग्रंथीतून एन्झाइम, ग्लुटाथायोन आणि मॅलोनडायअल्डिहाइड तिन्ही मोजा, आणि एका दिवशी नव्हे, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी.