सातचा आकडा भरायला कुणालाही घेऊ नका

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी चार वर्षं झाली, अशोक चौकाच्या मागं विडी कामगारांच्या पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतोय, खर्च आमच्याच पदरचा. आता एक टॉवेल कारखानदार काका मदत करतो म्हणतायत पण ऐंशी जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती, पावती पाहिजे म्हणे. म्हणून संस्था रजिस्टर करायची तर एक एजंट म्हणतो ३५ हजार द्या, पंधरा दिवसांत सगळं हातात, घटना (संस्थेची नियमावली) माझ्याकडं तयार आहे, आणि सात माणसं लागतात तर दोन नावं मी माझी घालतो. याच्याकडून करून घ्यावं, वकील बघावा की आपणच करावं? (एक वाचक, पूर्व भाग)

उत्तर : ताई, आधी त्या दोन नावांना नाही म्हणून सांगा, मग बाकीचं बोलू. सात माणसं लागतात हे खरंय, पण १८६० च्या कायद्याखाली सोसायटी काढली तर. आणि ती दोन नावं नुसती कागदावर राहत नाहीत हो, त्यांना मत असतं, उद्या बँकेत सही कुणाची यावर बोलायचा हक्क असतो. ती नावं काढायचं म्हटलं तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा, त्या दोघांनी हरकत घेतली की बसा तारखा मोजत. आमच्या ओळखीतलं एक छोटं वाचनालय असंच अडकलंय, पुस्तकं कपाटात आणि भांडण कार्यालयात.

तुम्ही पाच आहात ना, मग ट्रस्ट करा की. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टला सातचा आकडा लागत नाही. सोसायटीच पाहिजे असेल तर पोरांच्या आयांमधल्या दोघी घ्या, त्यांना निदान अभ्यासिका कुठं आहे ते तरी माहीत असतं.

पंधरा दिवसांचं म्हणाल तर तो बहुतेक सोसायटीचं पहिलं सर्टिफिकेट धरून बोलतोय. महाराष्ट्रात त्याच संस्थेची पुढं १९५० च्या कायद्याखाली पण नोंदणी करावी लागते, तिथं चौकशी असते. त्यानंतर पॅन, बँक खातं, मग आयकर खात्याचं बारा ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करात सूट) आणि ऐंशी जी, तेही नव्या संस्थेला आधी तीन वर्षांसाठी तात्पुरतंच मिळतं. सगळं पंधरा दिवसांत कुठलं हो!

माणूस मात्र लावा, सगळं स्वतः करायच्या हट्टाला पेटू नका. धर्मादायचं काम रोज करणारा वकील आणि आयकराला सीए, सीए तर दरवर्षी ऑडिटला लागणारच आहे. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, पावती घ्या, ओरिजिनल कागद तुमच्याकडंच ठेवा. आणि आयकरच्या साइटवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका, एजंटचा टाकला की पुढं प्रत्येक ओटीपीला त्याच्या दारात उभं राहायचं.

घटनेतले उद्देश मात्र कुणालाही लिहू देऊ नका, तयार घटनेत गोशाळेपासून मेडिकल कॉलेजपर्यंत सगळं असतं आणि तुमची अभ्यासिका कुठंतरी सोळाव्या नंबरला. पाचजणी एका संध्याकाळी बसा, शेंगाची चटणी-भाकरी घ्या पाहिजे तर, आणि आपण काय करतो ते साध्या मराठीत लिहा, कायद्याची भाषा वकील घालेल. संस्था बंद पडली तर शिल्लक पैसा आपल्यासारख्याच दुसऱ्या संस्थेला जाईल, सदस्यांत वाटला जाणार नाही, हे कलम आहे का तेवढं बघा, बारा ए करताना ते बघतात.

आणि हो, काका स्वतःच्या नावावर देणार असतील तर ते आयकराच्या कुठल्या पद्धतीत (टॅक्स रिजीममध्ये) आहेत, जुन्या की नव्या? नव्यात असतील तर ऐंशी जीची सूट त्यांना मिळतच नाही, मग एवढी घाई कशापायी? जुन्यात असले तरी दोन हजारांच्या वरची रोख चालत नाही, चेक नाहीतर ऑनलाइन. एजंटला ॲडव्हान्स द्यायच्या आधी काकांना एक फोन लावा.