ब्राउजर उघडला की जाहिराती आणि भलतंच सर्च पान येतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

नका मारू.

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, आंब्याच्या ऑर्डरी त्यावरच घेता, क्रोम उघडलं की अनोळखी सर्च पान येतं, खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत’ अशा पाट्या सरकतात, आणि कोणता अँटिव्हायरस विकत घ्यावा असं विचारलंय. अँटिव्हायरसचं मागाहून बोलू. ‘फॉरमॅट मार आनि मोकळो हो’ हे वाक्य रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतक्या काउंटरांवर ऐकलंय की प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

गुहागरकडच्या एका न्याहारी निवासातला डेस्कटॉप घ्या. वर्षात तीन फॉरमॅट: आंब्याच्या सीझनआधी, गणपतीआधी, दिवाळीआधी. दर खेपेला ७०० रुपये. आठ दिवस यंत्र स्वच्छ, की पुन्हा गूगलवर काही शोधलं तर पत्ता दोन अनोळखी नावांवरून फिरून याहूच्या निकालांवर थांबायचा. पाहुण्याला खोलीचे फोटो दाखवायला पान उघडावं तर त्यावरच दुसऱ्या हॉटेलची जाहिरात. तिन्ही फॉरमॅट नीट केलेले होते, पण रोग डिस्कवर नव्हताच, निदान सगळा नव्हता.

पहिली गोष्ट, क्रोममधलं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउजरला जोडलेला छोटा प्रोग्राम. ‘पीडीएफ जोडा’ छापाचं काहीतरी, नवीन टॅब आणि सर्च इंजिन दोन्ही बळकावणारं. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन करून सिंक (ब्राउजरची माहिती खात्यात जपून ठेवणं) चालू असलं की एक्स्टेंशनांची यादी, सुरुवातीचं पान आणि सर्च इंजिन खात्यात जाऊन बसतं. फॉरमॅटने डिस्क पुसली जाते, खात्यातली यादी तशीच राहते. नवीन विंडोजवर क्रोम टाकलं, पासवर्ड दिला, की पाचेक मिनिटांत एक्स्टेंशन आपल्या पायांनी घरी परत. एक्स्टेंशन फॉरमॅटआधी सिंक चालू ठेवून हाताने काढलं असतं तर खात्यातूनही गेलं असतं. तेवढं कोणी केलं नाही.

दुसरी गोष्ट, डी ड्राइव्हवरचं ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा होतो, डी तसाच. त्या फोल्डरमध्ये फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, प्रिंटर ड्रायव्हर शोधून देणारा ‘अपडेटर’, आणि मराठी फॉन्टची एक सेटअप फाइल. फॉन्टची फाइल सहसा टीटीएफ असते, ती सेटअपवाली ईएक्सई असली तर आत फॉन्टपेक्षा बरंच काही असतं. दुकानदार दर वेळी इमानेइतबारे हे सगळं परत टाकून द्यायचा, ‘तुमचंच होतं, तुम्हाला लागेल’ म्हणून.

तिसरी गोष्ट मात्र खुद्द फॉरमॅटवाल्याच्या पेन ड्राइव्हवरून आलेली. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स. तिथे एकच ओळ होती: सी कोलन आणि तिरकी रेघ. म्हणजे आख्खा सी ड्राइव्ह तपासायचा नाही अशी विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, आज्ञा! ही आज्ञा विंडोज फुकटात ‘चालू’ करून देणाऱ्या ॲक्टिव्हेटरसाठी दिलेली असते, कारण डिफेंडर त्याला पकडतो. मग त्या दाराने बाकीचे पण आत शिरतात. लॅपटॉपवाल्यांसाठी यात आणखी एक गंमत आहे. तुमच्या लॅपटॉपसोबत कंपनीचं विंडोज होम आलं असेल तर त्याची किल्ली मदरबोर्डातच असते. होम टाकलं की नेटला लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, पैसे नकोत, ॲक्टिव्हेटर नको. तरी हे लोक विंडोज प्रो टाकतात आणि मग ते चालवायला ॲक्टिव्हेटर टाकतात.

आता तुमचा लॅपटॉप. आधी जाहिरात कुठून येते ते ओळखा, नाहीतर अंधारात काठ्या मारत बसाल.

कोपऱ्यातल्या पाट्या बहुतेक वेळा व्हायरस नसून नोटिफिकेशन असतात. नीट बघा, पाटीवर गूगल क्रोम आणि एका साइटचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ म्हटलं आणि घरातल्या कोणीतरी दाबलं. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या यादीतलं अनोळखी एकूण एक काढा आणि वरचा पर्याय ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ असा करून टाका. निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं. विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउजरमध्येही हेच बघा.

भलतं सर्च पान हे मात्र एक्स्टेंशन, पॉलिसी (ब्राउजरवर वरून लादलेला नियम) किंवा शॉर्टकट यांपैकी एकाचं काम.

तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाला ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय का? घरच्या लॅपटॉपला कसली आलीय ऑर्गनायझेशन! असं दिसलं तर कोणीतरी पॉलिसी टाकून एक्स्टेंशन जबरदस्तीने बसवलंय, आणि म्हणूनच त्याचं रिमूव्हचं बटण चालत नाही. पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत लिहा. यादीत ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ दिसली आणि समोर ३२ अक्षरांची निरर्थक माळ, तर तेच. क्रोमच्या एक्स्टेंशनची ओळख नेहमी ३२ अक्षरांची असते आणि ए ते पी एवढीच अक्षरं त्यात येतात, त्यामुळे ताडून बघायला सोपं जातं. मग विंडोज आणि आर दाबून रेजएडिट, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. डावीकडच्या त्या क्रोम फोल्डरवर राइट क्लिक करून आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग त्यातली फोर्सलिस्ट उडवा. एचकी करंट यूजरखालीही तोच रस्ता बघा. क्रोम पूर्ण बंद करून उघडलं की रिमूव्ह चालेल. पॉलिसी आधी आणि एक्स्टेंशन नंतर. उलट केलंत तर ते पुन्हा उगवतं आणि तुम्ही दुकानदाराचं खरं मानायला लागता.

एक्स्टेंशन काढताना सिंक चालूच ठेवा, कारण वर सांगितलंय.

शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. त्यापुढे एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट साफ आणि खालच्या पट्टीवरचा तसाच, असं फार वेळा होतं. खालच्यावर राइट क्लिक, मग जी यादी येते त्यात ‘गूगल क्रोम’वर पुन्हा राइट क्लिक, तिथे प्रॉपर्टीज सापडतात.

ब्राउजर ठरावीक वेळाने आपणहून उघडत असेल तर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन, बघा. लायब्ररीत वरच्याच पातळीवरची कामं एकेक करून ॲक्शन्सच्या टॅबमध्ये बघा. गूगल, एज, वनड्राइव्ह, प्रिंटर यांची कामं असायचीच, त्यांना हात लावू नका. ज्यात वेब पत्ता आहे किंवा ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरातल्या विचित्र नावाच्या फाइलला हाक आहे, ते आधी डिसेबल. दोन दिवस नीट गेले की डिलीट.

मग कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्सची यादी ‘इन्स्टॉल्ड ऑन’प्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी एकदम तीन-चार प्रोग्राम आलेले दिसतील. एकाच्या पाठीवर बसून बाकीचे आलेले असतात.

एवढं हाताने झालं की ॲडव्हक्लीनर हे जाहिरातवाले प्रोग्राम शोधून काढणारं साधन चालवा. २०१६ पासून तो मालवेअरबाइट्सचा आहे, त्यांच्याच साइटवरून घ्या, सर्चमधली पहिली ‘स्पॉन्सर्ड’ लिंक दाबू नका. इन्स्टॉल करावा लागत नाही, स्कॅन झाल्यावर यादी वाचा, ‘प्रीइन्स्टॉल्ड’ म्हणून वेगळं दाखवतो त्यात तुमच्या लॅपटॉप कंपनीची बटणं-बॅटरीची साधनं असतात, ती सोडा. शेवटी क्रोमचं रीसेट सेटिंग्ज. त्यात बुकमार्क, इतिहास आणि पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेंशन बंद होतात आणि सुरुवातीचं पान, सर्च मूळपदावर येतं. जुन्या व्हिडिओंत क्रोमचं ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ बटण दाखवतात ते शोधू नका, गूगलने मार्च २०२३ मध्ये काढून टाकलं.

सगळं करूनही जाहिराती राहिल्या आणि त्याच वायफायवर मोबाइललाही येत असतील, तर बहुधा राउटरमधला डीएनएस (साइटचं नाव घेऊन तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदलला गेलाय. ॲडमिन-ॲडमिन पासवर्ड ठेवलेल्या डब्यात ते कोणीही करू शकतं. राउटर रीसेट करण्याआधी जोडणीवाल्याकडून नेटचं यूजरनेम-पासवर्ड घेऊन ठेवा, नाहीतर दोन दिवस तो माणूस येईपर्यंत समुद्राकडे बघत बसावं लागेल.

अँटिव्हायरस: विकत घेऊ नका. डिफेंडर पुरतो, फक्त एक्सक्लूजन्स रिकाम्या आहेत ना ते बघा आणि ॲप अँड ब्राउजर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनखाली ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू ठेवा. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका. तो स्वतःच दिवसातून चार वेळा ‘नूतनीकरण करा’ म्हणतो, ती पण जाहिरातच. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा, साधारण १५ मिनिटं लागतात. लॅपटॉप चार्ज करून घ्या. जूनमध्ये आपल्याकडे १५ मिनिटं सलग लाईट राहील याची हमी कोण देणार.

मराठी टायपिंगसाठी बाहेरून काही उतरवू नका. विंडोजच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी घेतलं की फोनेटिक कीबोर्ड मिळतो.

आता काही राहिलेलं, जे खरं तर वर यायला हवं होतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर त्या पॉलिसीज खऱ्या असतात, रेजएडिटला हात लावू नका. काही अँटिव्हायरसही क्रोममध्ये पॉलिसी टाकतात, म्हणून नाव वाचून मगच उडवा. ‘धोका’वाल्या पाटीवरच्या नंबरला फोन करून कोणाला एनीडेस्कने (दुरून यंत्र चालवू देणारं ॲप) आत घेतलं असेल तर हे सगळं सोडा: नेट तोडा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्या वेळी फॉरमॅट बरोबर आहे, मी पण तेच सांगेन. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं काही असेल तरीही.

तेव्हा दुकानात गेलातच तर अटी घालून जा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घरीच बनवा आणि तोच वापरायला सांगा. होम होतं तर होमच. डी ड्राइव्हवरच्या सेटअप फाइली आधी तुम्ही स्वतः उडवा, फोटो आणि हिशोब ठेवा. आणि यंत्र हातात घेतल्यावर पैसे देण्याआधी, काउंटरवरच, एक्सक्लूजन्सचं पान उघडून बघा. तिथे एक जरी ओळ असेल तर लॅपटॉप परत त्याच्यासमोर सरकवा.