रविवारांचं काय करायचं?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी नेर तालुक्यातल्या एका गावात माहेरी राहते. तीन वर्षांपूर्वी आमचा संमतीनं घटस्फोट झाला. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. त्याचा ताबा माझ्याकडं आहे. त्याचे वडील शेजारच्याच गावात शेती करतात. हुकूमनाम्याप्रमाणं पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५ ते त्याला घेऊन जातात, आणि खरं सांगायचं तर एकही रविवार त्यांनी चुकवलेला नाही. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आहे. इथं खाजगी दवाखान्यात ९,००० मिळतात. आता पिंपरी-चिंचवडला २४,००० ची नोकरी मिळाली आहे, १५ जूनला रुजू व्हायचं आहे. आई सोबत येणार आहे. भाऊ म्हणतो, "काहून त्याले आधी सांगतं? गेल्यावर फोन करजो. ताबा तं तुह्याकडंच हाय ना!" पण माझा धीर होत नाही. सांगावंच लागतं का? कसं सांगायचं? ते नाही म्हणाले तर? आणखी एक. मुलाच्या आजोबांनी त्याला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल करून दिला आहे, चाकांचा. तो रोज विचारतो, बैल पुण्याला न्यायचा का? त्याला काय सांगू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या भावाचा सल्ला मी एकदा स्वतः दिला आहे. वकिली सुरू करून चारेक वर्षं झाली होती. एक बाई आली, नाशिककडं काम लागलं होतं, मुलीचा ताबा तिच्याकडं. मी म्हटलं, "ताबा तुझा आहे, जा बिनधास्त." ती मंगळवारी गेली. रविवारी मुलीचा बाप नवा फ्रॉक आणि चिवड्याचा पुडा घेऊन आला, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते तं गेले मंगळवारीच." त्यानं त्याच आठवड्यात अर्ज टाकला. मग प्रत्येक तारखेला ही बाई रात्रभर प्रवास करून यायची, कोर्टाच्या आवारातल्या नळावर तोंड धुवायची आणि पुकारा व्हायची वाट बघत बसायची. साहेबांनी मला एकच विचारलं, "मॅडम, कळवलं होतं का?" मी फाइल चाळत राहिले. तिच्यात काही नाही हे मला ठाऊक होतं. मुलगी शेवटी आईकडंच राहिली, पण सुट्ट्या संपल्या आणि तिकडचं काम गेलं. माझ्या सल्ल्यापायी गेलं.

तेव्हा भावाला सांगा, वकीलबाईनं हे करून पाहिलं आहे.

आता तुमचं. घटस्फोटित आईनं गाव सोडण्याआधी अमुक दिवस नोटीस द्यावी, असं कलम हिंदू विवाह कायद्यात नाही. तुमच्या तडजोड पुरसीसमध्ये (दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या अटींच्या कागदात) तशी अट आहे का, ते आधी बघा. घरात पुरसीस सापडत नसेल तर कोर्टातून सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि स्वतः वाचा. वकिलानं काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका. तशी अट नसेल तर पुण्याला जायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. अडतं ते रविवारांपाशी. महिन्याचे दोन रविवार हा कोर्टाचा हुकूम आहे, आणि चिंचवडला बसून तो पाळता येणार नाही. न कळवता गेलात तर पहिल्याच रविवारी तो मोडेल. म्हणजे तुम्हाला मुलाच्या वडिलांकडं जायची परवानगी मागायची नाही, त्या रविवारांच्या बदल्यात दुसरं काय द्यायचं ते ठरवायचं आहे. हे मनात पक्कं केलंत की पत्र लिहिणं सोपं जाईल.

(तुमच्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी. कोर्टानं १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली आईला पालक नेमलं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणं मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी लागते. कोर्टाचा अधिकार चुकवायला नेलं, तर कलम ४४ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आणि जिथं मारहाण झालेली आहे तिथं नवा पत्ता पत्रात लिहून पाठवू नका, आधी कोर्टात या.)

पत्र तुमच्या हातानं लिहा. वकिलाची नोटीस आधी पाठवू नका, मला त्यात फी मिळत असली तरी. आपल्या गावात असा लिफाफा आला की पोस्टमन पानठेल्यावर थांबून विचारतो, "अमक्याचं घर कोणतं?" आणि अर्ध्या तासात गावभर होतं. घरातल्या म्हातारीला तर लिफाफा म्हणजे पीककर्जाच्या वसुलीचाच वाटतो. तिची समजूत काढेस्तोवर तिचा मुलगा तापलेला असतो, आणि मग तुमचं म्हणणं तो रागातच वाचतो.

पत्रात कुठं जाणार, कधीपासून, नोकरी कोणती, राहण्याचा पत्ता, शाळेचं नाव, तुम्ही ड्यूटीवर असताना मुलाजवळ कोण असेल, हे सगळं येऊ द्या. जुन्या भांडणाचा एक शब्दही नको. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही, हे तुम्ही मला लिहिलंत. तेच वाक्य त्यांनाही लिहा. मग भेटींचं तुमचं म्हणणं मांडा आणि पंधरा दिवसांत उत्तर मागा. झेरॉक्स काढून ठेवा. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं आहे. खिडकीवर "स्पीड पोस्ट, पोचेसह" असं सांगा. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

हे एप्रिलमध्येच करा, आणि शाळेत टी.सी. मागायच्या आधी. १ मेला निकाल लागेल, तुम्ही गुरुजींकडं दाखला मागाल, आणि तुम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत मुलाच्या वडिलांचा फोन वाजलेला असेल. त्यांना ही गोष्ट गुरुजींकडून कळली तर पुढचं पत्र वाया गेलं म्हणा. दाखल्याची काळजी नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तो मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि त्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पेरणीच्या धांदलीत मात्र हा विषय काढू नका. मृगाकडं डोळे लावून बसलेल्या माणसाशी कोणतीच वाटाघाट होत नाही.

भेटींचं नवं वेळापत्रक हा खरा कामाचा भाग. त्यात आम्ही वकील मंडळी आळशी आहोत. जुन्या पुरसीसवरून "दिवाळी व उन्हाळी सुटीचा अर्धा काळ" एवढं उतरवून मोकळे होतो. तुमच्या बाबतीत एवढ्यानं भांडण होईल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडतात, पुण्याकडच्या जूनच्या मध्यात. वडील म्हणतील सुटी अजून चालू आहे, तुम्ही म्हणाल शाळा सुरू झाली. म्हणून सुटी कोणत्या शाळेची ते लिहा, कोणत्या दिवशी न्यायचं आणि कोणत्या दिवशी आणायचं ते लिहा, मुलासोबत गाडीत कोण बसणार आणि तिकीट कोण काढणार तेही लिहा. महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेऱ्याहून पुण्याला जाते, रात्र गाडीतच जाते. आठ वर्षांच्या पोराला ती एकट्यानं करता येत नाही. एका बाजूचं भाडं तुम्ही स्वतःहून कबूल करा. पगार वाढतोय तुमचा, अंतरही तुमच्यामुळं वाढतंय.

फोनचंही लिहा. ज्याच्याकडं ताबा नाही, त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, आणि शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. फक्त "रात्री ८ वाजता" असं ठोकून देऊ नका. रब्बीत कृषिपंपाची लाईट रात्रीची आली की ते ओलितावर असतील, हातात टॉर्च आणि पाय चिखलात. वेळ त्यांनाच विचारा.

ते हो म्हणाले, तर ५०० च्या स्टँप पेपरवर लिहून घेतलं की झालं, असं समजू नका. कोर्टाचा हुकूम स्टँप पेपरनं बदलत नाही. ज्या कोर्टानं हुकूमनामा दिला तिथंच दोघांच्या सह्यांचा अर्ज देऊन भेटींची अट बदलून घ्या.

नाही म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही, तर त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तुम्ही एकटीनं अर्ज करा, निघायच्या आधी. मुलांच्या ताब्याचे आणि भेटींचे हुकूम कोर्टाला नंतरही बदलता येतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण होतं. घटस्फोट संमतीचा, आईची नोकरी ऑस्ट्रेलियात, वडिलांचा विरोध. मूल आणि करिअर यांतलं एकच निवड, असं आईला सांगता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं, आणि वडिलांच्या भेटी ठरवून देऊन मुलाला नेऊ दिलं. चिंचवड त्या मानानं जवळच. तरी कोर्ट मुलाचं हित बघतं, तुमचा पगार त्यातला एक मुद्दा. साहेब विचारतील, नाइट ड्यूटी असेल त्या रात्री पोरगा कुणाजवळ झोपणार? आईचं नाव अर्जात घाला, तिचं प्रतिज्ञापत्र जोडा. चेंबरमध्ये बोलावून मुलालाही विचारतील कदाचित. त्याला काही पढवून नेऊ नका. पढवलेली पोरं दोन वाक्यांत ओळखू येतात, मी समोर बसून पाहिलं आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या, किंवा १५१०० ला फोन करा.

आता बैल. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याच्या शाळेला तान्ह्या पोळ्याची सुटी नसते, तिकडच्या बाईंना तो काय असतो हेही कदाचित सांगावं लागेल. आणि इकडं आजोबांना दिवाळीपेक्षा तोच दिवस मोठा आहे. माझं ऐकाल तर वेळापत्रकात तो तुम्ही स्वतःहून घाला, वडिलांनी मागायच्या आधी. तारीख लिहू नका, ती दरवर्षी फिरते. "पिठोरी अमावास्येचा दुसरा दिवस, मागचा-पुढचा एकेक दिवस प्रवासाला धरून" असं लिहा. शाळेचे तीन-चार दिवस बुडतील, बुडू द्या. बैल आजोबांकडंच राहू द्या, असं मला वाटतं. तोरण बांधायला आणि चाकांना तेल घालायला कुणी तरी लागतंच. पण हे एकदा पोरालाच विचारा. तो नाही म्हणाला, तर बैल बर्थखाली मावतो का तेवढं बघा.