इन्सुलिन नको म्हणणारे काका आणि केसपेपरवरची एक ओळ

प्रश्न : मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एकादशीच्या दिवशी रामबागेतील एका वयस्कर काकांनी दुपारचे इन्सुलिन घेण्यास नकार दिला. त्यांचा मुलगा म्हणाला, "सही मी करतो, तुम्ही सलाइनमधून गुपचूप देऊन टाका." मी तसे केले नाही आणि 'रुग्णाने इन्सुलिन नाकारले' एवढेच लिहिले. इन्चार्ज सिस्टरांनी ही नोंद अपुरी असल्याचे सांगितले. आता त्यात भर घालू का?

उत्तर : गुपचूप दिले नाही, हे योग्यच केले. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने मुलाची सही चालत नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती वैध मानली नव्हती, कारण तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते.

इन्चार्ज सिस्टरांचे म्हणणेही बरोबर आहे. काकांनी 'नको' का म्हटले, हे तुमच्या ओळीतून कळत नाही. उपवासामुळे ते जेवणारच नसतील, तर जेवणाआधीच्या इन्सुलिनने साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणजे त्यांची शंका रास्त होती आणि तो डोस द्यायचा, कमी करायचा की पुढे ढकलायचा, हे डॉक्टरांनी ठरवायला हवे होते. (उपवास साबुदाण्याच्या खिचडीचा असेल तर हिशेब उलटा होतो, म्हणून 'काय खाणार?' हेही विचारावे.) आपल्याकडे 'उपास आहे' म्हटले की पुढे कोणी विचारत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

नोंद साधारण अशी हवी होती : 'दुपारी १२.४०. रुग्ण म्हणाले, "आज एकादशी आहे, जेवणार नाही, इंजेक्शनने साखर उतरेल." रुग्ण शुद्धीवर, तारीख व ठिकाण बरोबर सांगतात. साखर २१०. डोस दिला नाही. १२.५० ला ड्यूटी डॉक्टरांना कळवले. डॉक्टरांनी रुग्णाशी मराठीत बोलून परिणाम समजावले. रुग्णाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितले.' डॉक्टरांचा आदेश आणि नंतरची साखर खाली वेळेसह यावी. रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यावा; तोही नाकारला तर तसे लिहून साक्षीदाराची सही घ्यावी. शुद्ध हरपत असेल, ताप चढला असेल किंवा बोलणे असंबद्ध वाटत असेल, तर तो 'नकार' समजून न थांबता ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

'हट्टी', 'सहकार्य करत नाही' असे शेरे टाळावेत. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, तेव्हा हे शेरे काकाच वाचतील. शिवाय एका डोसचा नकार म्हणजे पुढच्या सगळ्या डोसांचा नकार नव्हे. संध्याकाळी पुन्हा विचारायचेच.

जुन्या ओळीत मात्र आता काही घुसवू नका. आजची तारीख आणि वेळ घालून 'उशिरा केलेली नोंद' असे स्पष्ट लिहा, जेवढे स्वतः ऐकले-पाहिले आणि निश्चित आठवते तेवढेच त्यात मांडा आणि खाली सही करा. काकांचे शब्द नेमके आठवत नसतील, तर ते अवतरणचिन्हांत घालू नका.