आधी आपल्याच गल्लीत कान देऊन बस

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, काका मला मानववंशशास्त्र करायचंय, पण सोलापुरात बसून काय अभ्यास होणार, त्याला कुठंतरी जंगलात आदिवासींमधेच जायला पाहिजे ना. मी हसलो ते मनावर घेऊ नको, तुझ्या वयात मी पण हेच बोलायचो.

कॉलेजात असताना एका सर्वेक्षणाचे छापील फॉर्म घेऊन पूर्व भागात फिरलो होतो. एका घरी खाली माग चालू, वर बिऱ्हाड, आवाज एवढा की बोललेलं अर्धं ओठावरून ओळखायचं. मी विचारलं, मातृभाषा? तो म्हणाला, मराठी. मी लिहिलं. आणि तेवढ्यात वळून त्यानं पोराला तेलुगूत हाक मारली, कांडी संपली म्हणून, आणि आतून बायकोनं उत्तर दिलं ते पण तेलुगूतच. मी काय केलं? फॉर्म घडी करून पुढच्या घरी. बरं तो खोटं बोलला असंही नाही, मराठीत विचारणाऱ्या शर्ट-पँटीतल्या पोराला द्यायचं उत्तर त्यानं दिलं. माणूस सांगतो एक आणि वागतो एक, आणि दोन्ही खरं असतं, हे जिथं दिसतं तिथं आपलं काम चालू होतं. फॉर्ममधे त्याला रकानाच नसतो.

म्हणून तर मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ दरम्यान न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला. सहभागी निरीक्षण म्हणतात ते हेच. आता तुला तंबूची गरज नाही, घर आहेच. पण घरातलं दिसत नाही हीच तर अडचण आहे.

बघ, तुझी आई सासूला काय म्हणते? आत्या. सासऱ्याला? मामा. कधी विचारलंस का, असं का? आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न चालतं, मग त्या पोरीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच झाली की. ज्यांचं असं लग्न झालेलं नाही त्या सुनाही तेच म्हणतात, कारण शब्दात रीत बसलीय. कन्नडमधे आत्या पण अत्ते आणि सासू पण अत्ते, तेलुगूत दोघी अत्ता. उलट चुलत आणि मावस म्हणजे सरळ भाऊबहीण, तिथं लग्नाचा विषयच नाही. उत्तरेत बहुतेक ठिकाणी चारही प्रकारची भावंडं भावंडंच. इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या, त्यांनी ही नात्यांची व्यवस्था देशभर तपासली, १९५३ ला त्यावर पुस्तक काढलं, आणि त्यात महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मधे कसा अडकलाय ते नीट दिसतं. मला विचारशील तर मोठी मोठी थिअरी वाचायच्या आधी कर्वेबाई वाच.

आता भाषेचं. आपण म्हणतो, जेवण झालं का? कन्नडवाले म्हणतात, ऊट आयता? तेलुगू शेजारीण, भोजनं अयिंदा? आणि आपल्याकडचे मुसलमान मित्र, खाना हुआ क्या? शब्द चार भाषांचे पण साचा एकच, जेवण अधिक झालं! लखनौचा माणूस खाना खाया म्हणेल. गंपर्झ आणि विल्सन ह्या दोन अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लेख छापला, तिथं मराठी, कन्नड, उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदून व्याकरणं इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. तरी घरातली भाषा कुणी सोडली नव्हती, शब्द आपापले राखले होते, कारण आपण कोण हे त्यावरून कळतं. आणि गंमत म्हणजे हा जेवणाचा प्रश्न जेवणाबद्दल नसतोच गं, दुपारी चारला पण विचारतात. नुसता संबंध राखायला केलेलं बोलणं, यावरही मालिनोव्स्कीनंच १९२३ मधे लिहून ठेवलंय.

एक मात्र सांभाळ. तू पुण्याला गेल्यापासून 'काय करायलास बे' ऐकलं की नाक मुरडतेस, मी बघितलंय. सोलापूरची मराठी बिघडलेली नाही, तिला तिचे नियम आहेत, चुकीचं बोललं तर इथलं शेंबडं पोरगंपण तुला दुरुस्त करेल. वहीत 'अशुद्ध' हा शब्द लिहायचा नाही, जसं ऐकलं तसंच उतरवायचं, कंसात प्रमाण मराठी पण नको. राग, कंटाळा, लोकांबद्दलची चिडचिड याला दुसरी वही कर. मालिनोव्स्कीची खाजगी डायरी तो गेल्यावर १९६७ ला छापली, त्यात त्यानं त्याच गावकऱ्यांबद्दल काय काय वाईट लिहिलंय, लोक हादरले. मला उलट बरं वाटलं, म्हटलं चला, चिडचिड फक्त मलाच होत नाही.

जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, येणार आहेसच. संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात तेव्हा रील काढत बसू नको, शेजारच्या म्हातारीला विचार, आजी हे लग्न कुणाचं? मग पुढच्या चारजणांना तोच प्रश्न, आणि कोण कुठल्या भाषेत उत्तर देतंय तेही लिही. रात्री घरी ये, काकू हुरडा करणार आहे, वही घेऊन ये.

तुझा,
काका