ओपन सोर्स क्लब काढलाय, पण पोरं टिकत नाहीत!

प्रश्न : सर, आम्ही सेकंड इयर कॉम्प्युटरला आहोत, कॉलेज गंगापूर रोडला. सात-आठ जणांनी मिळून ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरचा, क्लब काढला. पहिल्या कार्यक्रमाला सेमिनार हॉल फुल्ल होता कारण सर्टिफिकेट होतं, दुसऱ्याला निम्मे आले, आता मीटिंगला आमचे आम्हीच. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात एखादी मोठी कंपनी बोलवा, पोरं येतील. बोलवू का?

उत्तर : बोलवा की, पण कंपनी निघून गेल्यावर परत तुम्हीच सात-आठ जण उरणार.

सर्टिफिकेटला आलेली पोरं सर्टिफिकेट घेऊन जातात, त्यात त्यांची काय चूक? टी-शर्टचंही तेच. हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑक्टोबरातला ऑनलाइन उपक्रम आहे, त्यात ओपन सोर्स प्रोजेक्टला चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे सुचवलेले बदल, पाठवले की टी-शर्ट मिळायचा, तर २०२० साली लोकांनी प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून इतक्या फालतू रिक्वेस्ट टाकल्या की प्रोजेक्ट सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना मधेच नियम बदलावा लागला, की जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तिथलंच काम धरणार. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने पण फायरफॉक्स स्टुडंट अ‍ॅम्बेसेडर्स, मग कॅम्पस क्लब्ज असं कॉलेजमध्ये बरंच काही चालवलं. पण वरून कोणी कितीही नावं दिली तरी मीटिंगमध्ये हाताला काम नसेल तर तिसऱ्या आठवड्याला कोण कशाला येईल?

म्हणून भाषणं बंद करा आणि काम काढा, तेही असं की कोडिंग न येणाऱ्यालाही दोन तासात काहीतरी करून दाखवता येईल. नाशिकमध्ये राहून तर मला ओपनस्ट्रीटमॅपच सुचतो. २००४ पासून चाललेला हा नकाशा लोकांनीच भरलाय आणि कोणीही दुरुस्त करू शकतो. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप टाका आणि रविवारी सकाळी पंचवटीत जा. तुम्ही जिथे उभे असाल तिथलेच प्रश्न ते विचारतं, ह्या रस्त्यावर दिवे आहेत का, रस्ता डांबरी की फरशीचा, दुकान कधी उघडतं. उत्तर दिलं की ते तुमच्या नावाने नकाशात जातं. मग कॉलेजात येऊन लॅपटॉपवर गल्ल्यांची मराठी नावं भरा, त्यासाठी नेम:एमआर (name:mr) असा वेगळा टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, असतो. २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरून किती लोक येणारेत बघा, रामकुंडाकडच्या बोळांची नावं देवनागरीत दिसली तर कोणाचं तरी नक्की भलं होईल. एक मात्र लक्षात ठेवा, गुगल मॅप बघून नावं उतरवायची नाहीत. तो डेटा त्यांच्या मालकीचा आहे, इथे चालत नाही. पाटी डोळ्यांनी बघा नाहीतर तिथल्या दुकानदाराला विचारा. आणि गंमत म्हणजे लायसन्स, म्हणजे दुसऱ्याचं काम कोणत्या अटीवर वापरता येतं, हे काय असतं ते पोरांना लेक्चरपेक्षा ह्यातनंच लवकर कळतं, कारण तिथे हात अडतो.

पावसाळ्यात बाहेर पडणं होत नसेल तर मशीनला बोललेलं समजावं म्हणून लोकांचे आवाज जमवणारं मोझिलाचं कॉमन व्हॉइस आहे, त्यात मराठी आहे. एकाने वाक्य वाचायचं, दुसऱ्यांनी ऐकून बरोबर-चूक सांगायचं. तो आवाजाचा डेटा कोणालाही वापरता येतो. फक्त पंखा बंद करून रेकॉर्ड करा. सगळे पुस्तकी मराठी बोलणारेच नकोत, निफाड-सिन्नरकडची पोरंपोरी बसवा, त्यांचे आवाज मशीनला कधी ऐकायला मिळणार नाहीतर?

दहा पोरं टिकली तरी क्लब चांगला चाललाय असं समजा. एचओडींना हजेरी दाखवण्यापेक्षा नकाशातला बदल उघडून दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी अशाच क्लबमध्ये रात्र रात्र जागून कोणाचं तरी काम फुकट करते. ह्याने नोकरी लागते का? – एक आई, सिडको

उत्तर : ताई, लागेलच असं मी म्हणणार नाही, म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण तिने केलेला प्रत्येक बदल तारखेसकट जगाला दिसतो, तो कोणी तपासला, काय चूक काढली, तिने ती कशी सुधारली, सगळं तिथे लिहिलेलं राहतं. इंटरव्ह्यूमध्ये हे उघडून दाखवता येतं, कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट बऱ्याचदा विकत आणलेला असतो हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. आणि फुकटच असंही नाही, गुगल समर ऑफ कोडमध्ये २००५ पासून ह्याच कामाला मानधन मिळतं, निवड मात्र अवघड आहे. तिला विचारा कोणत्या प्रोजेक्टवर काम करतेस आणि तिथे कोणी उत्तर देतं का. महिनोन्महिने कोणी ढुंकून बघत नसेल तर प्रोजेक्ट बदलायला सांगा. रात्रीच्या जागरणाचं तुम्ही बोला, तिथे मी पडत नाही.

प्रश्न : आमच्या लॅबचे जुने पीसी विंडोज ११ घेत नाहीत. क्लबने त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स सिस्टीम) बसवून द्यावं का?

उत्तर : विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे प्रश्न बरोबर वेळेला आलाय. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट ह्या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती चालते. पण परस्पर इन्स्टॉल करू नका, आधी लॅब असिस्टंटना विश्वासात घ्या आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून दाखवा, त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर तेव्हाच जोडून बघा, नंतर सगळ्यात जास्त ओरड त्याचीच होते.