आईचं दुखणं आणि माझी सेवा

प्रश्न: ताई, मी साताऱ्याची. दर रविवारी वस्तीत मुलांची संडे स्कूल घ्यायचे, पण आईला पॅरालिसिस झाल्यापासून सगळं बंदच पडलं. चर्चमधले काहीजण म्हणतात तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून ती बरी होत नाही. खरंय का हो?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून देवाकडे तीनदा प्रार्थना केली, काटा काही निघाला नाही, फक्त माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं, मग त्याचाही विश्वास कमी होता म्हणायचं का?

आणि तुझ्याच गावचं बघ. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातलग तुटले, त्यांची पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या, किती सोसलं असेल दोघांनी! तेच टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, देवाने त्यांना सोडलं नव्हतंच.

आईचं अंग पुसणं, तिला कुशीवर वळवणं हीच आत्ता तुझी सेवा आहे, मला तरी मनापासून असंच वाटतं. पण एकटीने ओढू नकोस, पाळकांना स्पष्ट सांग की आठवड्यातून दोन तास कुणीतरी आईजवळ बसायला पाठवा, आणि फिजिओथेरपी मात्र चुकवू नकोस.